दोन किलोची घट

राळेगावच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी एक बाई आणि तिची कॉलेजातली भाची एकच इअरफोन वाटून बसल्या होत्या.

“झोपली का मावशी?”

“नाही वं. हा मानूस लय हळू बोलते. आयकता आयकता आमच्या जिनिंगातली रुई उडतानी दिसून राह्यली मले.”

“आमचे सर हायेत थे. पर्यावरणाचा हिशोब शिकवतात, पॉडकास्टवर. आज तुमच्या जिनिंगचंच उदाहरन हाये. शंभर किलो कापूस टाकला. चौतीस किलो रुई निंगाली, चौसष्ट किलो सरकी. मंग दोन किलो कुठं गेले?”

“आमचा मुनीम त्याले घट म्हनते.”

“सर म्हनतात, घट लिहून सोडाचं नाही. कुठं गेले थे शोधाचं.”

“त्यात काय शोधाचं? थोडे निंबाच्या झाडावर जाऊन बसतात. थोडे माह्या केसात घरी येतात.”

“आन् बाकीचे?”

“खोकल्यात निंगतात.”

“सगळे?”

“सगळे कुठं निंगतात.”

“मंग वहीत काय लिवू मी?”

“लिव, मावशीपाशी हायेत.”