पाद्रीबाबांची शिकवणी

कोपर्निकस मार्गावरच्या कँटीनमध्ये रेवती वड्यांसाठी रांगेत उभी होती, पण तिचे कान पुढच्या आत्या-भाच्याकडे लागले होते.

"आत्या, आमची नोआ ज्यूंची पोर, तिला मिशनऱ्यांच्या शाळेत घालू? उद्या बाटली तर?"

"अरे, तुझे खापरपणजोबा कोकणात मिशनऱ्यांकडेच शिकले."

"अच्छा! मग?"

"आपल्या लोकांना तेव्हा आपल्याच धर्मग्रंथांच्या हिब्रूचं अक्षर येत नव्हतं. पाद्रीबाबांनी हौसेनं शिकवलं. त्यांना वाटलं, हे बायबल वाचतील नि ख्रिस्ती होतील."

"झाले?"

"कशाला होतील? हिब्रू आल्यावर तडक आपल्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगायला उभे राहिले!"

"आणि पाद्रीबाबा?"

"कपाळाला हात लावून बसले."

"मग नोआचा फॉर्म भरू?"

"भर की. अन् विचारून ये, हिब्रू अजून शिकवतात का. आपल्या घरात आता वाचणारं कोणी उरलं नाही."