आखाजीचा झोका

आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस होते आणि शहाद्याची बस सुटायला वेळ होता. माझ्या पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी धरलेली कौसाबाई आणि तिच्या गावची, सणाला सासरहून आलेली रुपा बोलत होत्या.

"मावशी, आखाजीले बठ्ठ्या पोरी सासरथून माहेरले उन्यात. तुन्ही रुचिका नही उनी?"

"नही वं माय. तिले दवाखानामा ड्यूटी शे."

"गये वरीसले बी नही उनी."

"गये वरीसले डाक्टरकीनी शेवटली परीक्षा व्हती. त्याना पहिले बारावीनंतर दोन सालबी परीक्षाच, तीबी ऐन आखाजीना टाईमले. मंग नंबर लागी गया, पुण्याले गयी."

"पन आते ते डाक्टर व्हयनी ना?"

"व्हयनी. माले वाटनं, आते येई. ती म्हने, आई, वरीसभर आठेच काम करनं पडी. मंग खेडामा एक वरीस. मंग मोठी डाक्टर व्हवाले आखो परीक्षा."

"लगीन करी दिधं असतं ते आखाजीले तरी उनी असती."

"तोंड आवर, रुपा. मन्ही पोर डाक्टर शे."

"राग नको करू वं. यंदा तिन्हासाठे निंबले झोका नही बांधा मंग?"

"बांधा ना. दरसाल बांधस. सांजले मीच बठस."

"तू? ह्या वयमा?"

"बठस, आन तिले फोन लावस. फोन दोरपाशी धरस. दोर कुरकुर वाजस, ती आयकस."

"मंग काय म्हनस ती?"

"दोर थांबस तोवर ती फोन ठेवत नही."