वहीतले तीन शब्द

कोणी उचलू नका त्याला. चढू द्या. एकच पायरी राहिली आहे.

दोन्ही हात वर टेकले. गुडघा आला. आता दुसरा. बघा, मागे वळून आईकडे पाहतोय. ती हसली की पुढे जाणार. हसा हो बाई, सगळं अडलंय तुमच्यावर. झालं! आला वर. आता याला घेऊन जा, नाहीतर माझ्या आधी हाच भाषण करील.

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टरबाई, आमच्या पाळणाघराच्या संस्थापक आणि आजच्या सत्कारमूर्ती मोठ्या ताई, पालकहो, आजी-आजोबा, माझ्या सहकारी मैत्रिणी, आणि खुर्च्यांखाली बसलेले आमचे खरे मालक, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक पायऱ्यांवर गेलं. ते माझ्यात धरू नये, ही विनंती. तीन पायऱ्या चढायला त्याला एक मिनिट लागलं आणि तेवढा वेळ दोनशे माणसं हात आवरून बसली. मोठ्या ताईंनी आम्हाला सत्तावीस वर्षं हेच शिकवलं. मूल चढत असलं की हात आपल्या पाठीमागे. पण लांब जायचं नाही.

मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, मुलं सांभाळायची म्हणजे रडू द्यायची नाहीत. पहिल्याच दिवशी आठ महिन्यांची एक मुलगी खुर्चीतून चमचा खाली टाकत होती. मी उचलून देत होते. अकराव्यांदा मी चमचा ओट्यावर ठेवून दिला. मागून ताईंचा आवाज आला, "परत दे."

म्हटलं, "ताई, त्रास देतेय हो."

"त्रास नाही देत. दर वेळी खालीच पडतो का, ते बघतेय. तुला नसेल बघायचं तर मला दे."

मी चमचा दिला. तो खालीच पडला. मुलगी समाधानाने झोपली.

ज्यांनी आत येऊन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे तीन खोल्या आहेत. पहिलीत पालथी पडणारी, दुसरीत रांगणारी, तिसरीत पळणारी. मधल्या दारांत गुडघ्याएवढी लाकडी फळी आडवी लावलेली आहे. फळी ज्याला स्वतः ओलांडता आली त्याला पुढच्या खोलीत बढती. वय कोणी विचारत नाही. एक आजोबा रोज संध्याकाळी दारात उभे राहून नातवाला म्हणायचे, "अरे, उचल की पाय! तुझ्याहून लहान पोरी पुढे गेल्या!" ताईंनी त्यांना एक दिवस शांतपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही कितव्या महिन्यात चाललात?" आजोबा म्हणाले, "मला काय ठाऊक?" ताई म्हणाल्या, "बघा, काही बिघडलं का?" तेव्हापासून आजोबा बाकावर बसू लागले.

हे सगळं गोड आहे आणि आज असंच बोलायचं असतं. पण मला ताईंची एक चूक सांगायची आहे. निरोपाच्या दिवशी चूक काय सांगायची, असं काहींना वाटेल. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग. पण माझी तुझ्यावर घेऊ नकोस." त्यांनी नऊ वर्षांपूर्वी नेमकं उलट केलं होतं. माझी स्वतःवर घेतली होती.

आमच्याकडे एक रिवाज होता. पहिलं जे काही असेल ते घरचं. पहिलं पाऊल, पहिली टाळी, पहिला शब्द. आई-बाप दिवसभर कामावर. मूल दहा तास आमच्याकडे. साहजिकच पुष्कळ गोष्टी आमच्यासमोर आधी व्हायच्या. ताईंनी ठरवून दिलं होतं की, पाहिलं तरी तोंड उघडायचं नाही. फार तर म्हणायचं, "या आठवड्यात घरी जरा जागा मोकळी ठेवा." मग दोन-तीन दिवसांत एखादे वडील धापा टाकत यायचे. "ताई, काल चालला! चार पावलं!" आणि आम्ही सगळ्या चकित व्हायचो. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी तर गालावर हात मारून घ्यायच्या. "काय सांगता! आमच्याकडे तर ढिम्म हलत नाही!" तो मुलगा आदल्या आठवड्यात मावशींचीच परात घेऊन पळालेला असायचा. मावशी, तुम्ही रंगभूमीचं नुकसान केलंत.

खरी तारीख मात्र एका वहीत लिहायची आणि वही कपाटात ठेवायची. हाही ताईंचाच नियम.

तर त्या वर्षी दुसऱ्या खोलीत एक मुलगा होता. त्याला आम्ही इन्स्पेक्टर म्हणायचो. सकाळी आला की रांगत जाऊन प्रत्येकाची पिशवी तपासायचा. आई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती, वडील जहाजावर. तेराव्या महिन्यात तो मला म्हणाला, "दे." हात पुढे करून, नीट. मग आठवड्याभरात "नतो", म्हणजे नको. मग दार उघडलं की "चय", म्हणजे चल. मी तिन्ही शब्द तारखेसह वहीत लिहिले. आईला म्हटलं, "सध्या त्याच्याशी भरपूर बोला." ती म्हणाली, "मी बोलते हो, पण मी येते तेव्हा तो पेंगलेला असतो." मी म्हटलं, बोलेलच की दोन दिवसांत घरी.

त्यानंतर थंडी आली. मुलांना सर्दी झाली. एकाची गेली की दुसऱ्याला. इन्स्पेक्टरला दोन महिन्यांत चारदा झाली. तो चालायला लागला, फळी ओलांडून तिसऱ्या खोलीत गेला. शांत झाला होता. मागून हाक मारली तर वळायचा नाही. आम्ही म्हणायचो, साहेब कामात आहेत. हसायचो. मीच हसायचे सर्वांत जास्त.

अठराव्या महिन्याच्या तपासणीनंतर एका संध्याकाळी त्याची आई त्याच्या पायात बूट चढवता चढवता मला म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, आधी काही बोलायचा का. मी सांगितलं, कधीच नाही. एक शब्दसुद्धा नाही. कान तपासायला सांगितलेत. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली आहे." मग बुटाकडेच बघत म्हणाली, "माझंच काही चुकलं का हो? मी घरी नसते म्हणून?"

मी म्हटलं, "नाही हो. असं काही नसतं."

एवढंच. तीन शब्द माझ्या तोंडाशी आले होते आणि मी रिवाज पाळला.

ती गेल्यावर मी ताईंकडे गेले.

"ताई, इन्स्पेक्टर बोलत होता."

"कधी?"

"वहीत आहे."

त्यांनी कपाट उघडलं. पान काढलं. वाचलं. मग विचारलं, "शेवटचा कधी ऐकलास?"

मला सांगता येईना. पहिल्या दिवसाची तारीख आमच्याकडे सगळ्यांची होती. शेवटच्या दिवसाची कोणाचीच नव्हती. शब्द थांबतात हे कोणाच्या डोक्यात नव्हतं, मग लिहिणार कोण?

ताईंनी वही काखेत मारली. म्हणाल्या, "चप्पल घाल."

आम्ही तिच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात वाटी होती. मुलगा दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. घंटा वाजली, दार उघडलं, आम्ही दोघी बोललो, तो वळला नाही. हे मी तीन महिने रोज पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

ताईंनी उभ्या उभ्याच वही उघडून तीन तारखा वाचून दाखवल्या.

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तो बोलत होता."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

ताई म्हणाल्या, "पहिला शब्द तुम्ही ऐकावात म्हणून."

तेव्हा तिचा आवाज चढला. "मी दिवसभर लोकांचं रक्त तपासते. एखाद्याला वाईट वाटेल म्हणून एक आकडा दडवला तर मला घरी बसवतील. आणि तुम्ही माझ्या मुलाचा शब्द दडवलात? माझ्यावर दया म्हणून?"

मी म्हणायला गेले, "ते माझ्याकडून..." ताईंनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. "नियम माझा आहे. चूक माझी आहे. तुमच्याकडून कुठेही काही कमी पडलेलं नाही."

ती म्हणाली, "उद्यापासून तो तुमच्याकडे येणार नाही."

"नका पाठवू. पण वही घ्या आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा. सांगा, बोलत होता आणि थांबला. हे वेगळं आहे. मी खाली थांबते."

आम्ही जिन्याखाली तासभर उभ्या होतो. मग वरून ती कठड्यावर वाकली आणि म्हणाली, "सोमवारी बोलावलंय." आणि आत गेली.

तीन महिन्यांचे चार दिवस झाले. तो फोन ज्यांनी घेतला त्या डॉक्टरबाई आज व्यासपीठावर आहेत आणि मी काही चुकीचं सांगत नाहीये ना, म्हणून कान टवकारून बसल्या आहेत. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. दोन्ही कानांत. त्याला आमचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे येत असणार. छोटीशी शस्त्रक्रिया झाली. सहा आठवड्यांनी शब्द परत आले. बरोबर, डॉक्टरबाई? मान हलली. आभारी आहे.

तो आता साडेदहा वर्षांचा आहे आणि या सभागृहात आहे. कृपा करून मागे वळून पाहू नका, तो मला पुन्हा भेटणार नाही. वर्गात फार बोलतो म्हणून बाईंची चिठ्ठी येते, असं कळलं. मला ती चिठ्ठी फ्रेम करून लावायची आहे. आईची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. ती आज कामावर आहे.

त्यानंतर ताईंनी आम्हा सगळ्यांना बसवलं. म्हणाल्या, "पहिलं पाऊल आई-बापांनी पाहावं, ही माझी हौस होती. मुलाला त्याचं काही नव्हतं." अठरा वर्षं चालवलेला स्वतःचा नियम त्यांनी पाच मिनिटांत मोडला. मावशी म्हणाल्या, "मग मी आता आश्चर्य कशाचं करू?" ताई म्हणाल्या, "खऱ्या गोष्टींचं करा, पुष्कळ आहेत."

वही तेव्हापासून दारातल्या टेबलावर उघडी असते. तिच्यात पहिल्या दिवसाशेजारी आणखी एक रकाना आहे: अलीकडे कधी. काही वडील अजूनही डोळ्यांवर हात धरून टेबलावरून पुढे जातात, त्यांना घरीच पाहायचं असतं. जावं. विचारलं तर आम्ही खरं सांगतो.

ताई, मला तुमच्याकडून मुलं कशी वाढतात ते शिकायला मिळालं, पण ते पुस्तकातही असतं. साठीच्या घरातलं माणूस कसं शिकतं, ते मी तुमच्याकडे पाहिलं. उद्यापासून किल्ल्या माझ्याकडे आहेत. भीती वाटते. तुम्ही म्हणालात, वाटू दे, मुलांनाही पहिल्या दिवशी वाटते. ठीक आहे. तुम्ही आता निवांत झोपा, उशिरा उठा, आणि कोणी चमचा टाकला तर उचलू नका.

सभागृह दिल्याबद्दल अध्यक्षांचे, खुर्च्या लावल्याबद्दल पालकांचे आणि चहासाठी मावशींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला एखादं वाक्य लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. मला भाषणाची सवय नाही. माझे रोजचे श्रोते मधेच उठून जातात.

काय म्हणालात, आजी? जरा मोठ्यानं... दुसऱ्या दिवशी त्याला पाठवलं का? हो, ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती मुलाला कडेवर घेऊन दारात आली. ताईंकडे गेली नाही, माझ्याकडे आली. म्हणाली, "कसं म्हणायचा ते म्हणून दाखवा." मी तिन्ही शब्द त्याच्यासारखे म्हणून दाखवले. तिनं एकेक पुन्हा म्हणायला लावला. मग तिनं त्याला माझ्या हातात दिलं आणि ती कामावर गेली.