तोंडावर बोलणारा सहायक

तापाने फणफणलेल्या बाळाला मांडीवर थोपटत एक बाई दवाखान्यात नंबरची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर फुटबॉल संघाचा नवा मॅनेजर आणि त्याचा मेहुणा बोलत होते.

“दाजी, सहायक प्रशिक्षक ठरला?”

“माझी चूक तोंडावर सांगणारा हवाय.”

“मग जुनाच ठेवा की. पोरं मानतात त्याला.”

“त्याला कालच नारळ दिला. म्हणे, तुमची बचावफळी कच्ची आहे.”

“आहे का?”

“आहे ना. पण सगळ्यांसमोर सांगायचं?”

“एकांतात सांगितलं असतं तर?”

“असली कुजबुज मला खपत नाही.”

“शनिवारी हरलात तर तुम्हालाही काढतील, दाजी.”

“म्हणून तर तुला विचारतोय. येतोस?”

“मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.”

“बघ, किती स्पष्ट बोलतोस.”