बरगड्यांवर हात

नाही नाही, खुर्चीवर नको, खाली बस, तेगिल — जमिनीवर, माझ्यासमोर. माझी मान वर होत नाही आणि धाकट्या भावाच्या गुडघ्यांशी बोलायला मला आवडत नाही. हं, असा. आता दिसलास. म्हातारा झालास की रे. — सेबोम आत आहे. हो, तुझीच मुलगी, माझ्या घरात, दार लावून. व्यायाम चाललाय, तो मध्ये थांबवायचा नसतो. कालवांचा हंगाम सुरू झाला, शेडवर कालवं फोडायला हात कमी पडतायत, म्हणून तू बुसानपर्यंत आलास — मुलीच्या ओढीने नव्हे. खोटं बोलतेय का मी? नाही ना.

कसला व्यायाम, म्हणतोस? आधी भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभं राहायचं. मग बरगड्यांवर हात ठेवून नाकाने श्वास घ्यायचा, दोन्ही बाजू फुलेपर्यंत, आणि सावकाश सोडायचा. ह्या दुखण्यात मणके एकमेकांना चिकटत जातात, बरगड्याही आखडतात — रोज हलवल्या नाहीत तर हलायच्या थांबतात. पहाटे अंगाचं लाकूड होतं आणि हिंडलं-फिरलं की सुटतं — म्हणून तर माझं दुखणं तुला सोंग वाटायचं. दुपारी बरी धावते, सकाळीच कशी मरते. शेडमधल्या बायकांसमोर म्हणायचास, 'राणीसरकार उठल्या का?' सगळ्या हसायच्या. आईसुद्धा. आणि मला बघायला पाहुणे आले तेव्हा तूच त्यांना बाजूला घेऊन सांगितलंस ना, पोरगी चांगली आहे, फक्त कामचुकार आहे? त्या मुलाच्या मावशीनेच मला सांगितलं, पुढे कधीतरी, बाजारात भेटली तेव्हा. मान हलवू नकोस. तुला हलवता येते म्हणून हलवू नकोस.

हात दे. दे म्हणते ना. आधी स्वतःच्या बरगड्यांवर ठेव, घे श्वास. फुलली छाती? आता इथे, माझ्या. लाजतोस काय, बहीण आहे मी. घेतेय हं — घेतला. हललं काही? नाही हललं. तेव्हा कुणी डॉक्टरकडे नेलं असतं, रोज भिंतीशी उभं केलं असतं, तर हललं असतं. आता मी पोटाने श्वास घेते, मांजरासारखी. राहू दे हात, काढू नकोस. आणि रडतोस कशाला? रडून काय सुटणार आहे माझं?

सेबोमचं सुटेल. ती वेळेवर आली, आता औषधंही चांगली आहेत. पण तुझ्या शेडवर ती पुन्हा पाय ठेवणार नाही. तिनेच ठरवलंय. बरं, तिने नाही — मी. मीच भरवलं तिच्या मनात, रोज थोडं थोडं. आणि आलाच आहेस तर हेही ऐकून जा. पहिल्यांदा आली ना ती, कंबर धरून, रडत, 'आत्या, बाबा म्हणतात मी सोंग करते' — तेव्हा मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. पोरीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मनात म्हटलं, बरं झालं, तेगिलच्याच पोटच्या पोरीला झालं. डॉक्टरांनी नाव सांगितलं दुखण्याचं, ती रडत होती, आणि मी त्या रात्री पोटभर जेवले. कितीतरी वर्षांनी. आता कुणी मला आळशी म्हणणार नव्हतं ना —

काय रे? माझ्यामागे काय बघतोस? दार उघडलं? बोल की, मला वळता येत नाही.

सेबोम? झाला का व्यायाम? ... कधीपासून उभी आहेस, बाळा?