जाड वायर

माझा जन्म दिग्गीचा. आमच्या लहानपणी तिथं करंट न्हवता, गाणं म्हणजे माणसानं समोर बसून म्हटलेलं, एवढंच ठाऊक. आप्पा देवळात पेटी वाजवायचे, त्यांच्याजवळ बसून बसून मी शिकलो. आता जोयड्यात ऱ्हातो, भाताच्या मिलवर काट्यापाशी कामाला हाय, पण शुक्रवारच्या भजनात पेटी माझीच. मी सूर धरून दिला की बाकीचे उचलतात. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय.

तर घरात जुना अॅम्प्लिफायर हाय, दोन मोठे बॉक्स. माझा मेव्हणा रामनगरला असतो, त्याला ह्या सौंडचं भारी वेड. गणपतीला आला तो मनगटाएवढी जाड वायर घेऊनच. म्हणाला दाजी, अॅम्प्लिफायरची करंटची वायर बदला, आवाज कसा मोकळा हुतो बघा. मी म्हटलं अरे, खांबावरची तार तीच, भिंतीतली तीच, शेवटच्या हातभर वायरीनं काय हुणार. तर म्हणाला ऐका तर खरं. आमच्याच भजनाचं रेकॉर्डिंग लावलं, आधी जुन्या वायरीवर, मग नव्या. मेव्हणा डोळे मिटून डुलाय लागला. बायको म्हणाली व्हय की, टाळ कसे सुट्टे ऐकू येतात. आणि मला, काय सांगू तुम्हाला, तिळाएवढा फरक कळंना. मेव्हणा हसला, दाजी, मिलच्या धडधडीनं कान गेले तुमचे. थट्टाच केली, पण मला ती लागली. मिलची धडधड खोटी न्हाई. आणि कान गेले तर पेटीवर मी कशाला?

मी काट्यावरचा माणूस, कुठलंबी पोतं दोनदा जोखल्याबिगर सोडत न्हाई. अॅम्प्लिफायरपुढं चादर बांधली, दोघांना अलीकडं बसवलं, पलीकडनं मी वायर बदलत गेलो. जुनी लावली तर मेव्हणा म्हणतो नवी. जुनीच काढून जुनीच लावली तर बायको म्हणते, आता मोकळा झाला बघा. मी म्हटलं कान तुमचे गेलेत, आणि जीव भांड्यात पडला.

तर बायको म्हणाली अवो, आता तुम्ही बसा. ती चादरीमागं गेली. मी दरवेळी म्हटलं, तेच. पुन्हा, तेच. शेवटाला ती बाहेर आली ती तोंड उतरवून. म्हणाली, ह्या खेपेला मी डाव्या बॉक्सची वायरच काढली हुती.

मेव्हणा म्हणाला न्हाई अक्का, दोन्ही वाजत हुते, मी ऐकत बसलोय की इथं. आता कुणाचं खरं धरायचं? हा तोच, ज्यानं जुन्या वायरीला नवी म्हटलं. मग बायकोलाबी खात्री वाटंना, म्हणाली मागं सगळा वायरींचा गुंता, मी ओढली ती बॉक्सचीच का दुसरी कुठली. पुन्हा करून बघू या म्हणाली. मी म्हटलं नगं, जेवायला वाढ.

दोनदा जोखणारा मी, ते एक पुन्हा जोखलं न्हाई अजून. जाड वायर तशीच लावलेली हाय. आवाज मोकळा झाला का न्हाई, मला विचारू नका. पखवाजवाल्याला तेवढं उजव्या अंगाला बसवून घेतलं. त्यानं का म्हणून विचारलं तर म्हटलं, डावीकडनं वारा लागतो. देव तुमचे कान शाबूत ठेवो. शुक्रवारी भजनाला या, आणि जमलं तर माझ्या उजवीकडंच बसा.