सासूला मिळालेला मान

केसांना रोलर आणि तोंडाला लेप लावून मालिकांमधली खाष्ट सासू, नटी ओ ग्यूम-रान, बुसानच्या पार्लरमध्ये गुपचूप बसली होती. शेजारी दोन भाजीवाल्यांच्या गप्पा रंगल्या होत्या.

“काल टीव्हीवर पाहिलंस? ओ ग्यूम-रान सर्वोत्कृष्ट नायिका!”

“सासूला? आजवर हा पुरस्कार रडक्या सुनांनाच देत आलेत की!”

“म्हणून तर नाचले मी!”

“तू? भर बाजारात तूच ना तिला मुळा फेकून मारलास?”

“मग! मालिकेत सुनेला भरल्या ताटावरून उठवलं होतं तिनं. काम वाईट केलं असतं, तर मी माझा चांगला मुळा वाया घालवला असता?”

लेपाला तडे गेले.

“ताई,” ग्यूम-रान म्हणाली, “ट्रॉफी हलकीच निघाली हो. तुमचा मुळा वजनदार होता.”